मोहर थांबता काय?

"मॅडम, ह्येचा मन अभ्यासात लागणा नाय." खुर्चीत बसायच्या आधीच आईने सांगून टाकलं. मुलगा दारात उभा, हातात मोबाईल, नजर जमिनीवर. टीवाय बीकॉम, पाचव्या सेमिस्टरला दोन केट्या, म्हणजे राहिलेले विषय: एक कॉस्टिंग (माल तयार करायला किती खर्च येतो त्याचा हिशोब), दुसरा अर्थशास्त्र. सहाव्या सेमिस्टरला कॉलेजात जाणं जवळजवळ बंद. देवगड तालुक्यातलं गाव, घरची हापूसची कलमं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी समुपदेशक. फेब्रुवारी आला की हे वाक्य माझ्याकडे येतंच. "डिग्री पूर्ण करायची आहे, पण मन लागत नाही. काय करू?" अशा वेळी मी आधी झोप, भूक आणि जगण्याबद्दलचे विचार यांची चौकशी करते. कारण मन न लागण्यामागे कधी कधी नैराश्य असतं, आणि त्याला टाइमटेबल हे औषध नव्हे. अशी शंका असेल तर डॉक्टरांकडे जावं, किंवा १४४१६ या टेली-मानस हेल्पलाइनवर बोलावं. या मुलाचं तसं नव्हतं. जेवत होता, झोपत होता, मित्रांत हसत होता.

मग मी चूक केली. रंगीत पेनांनी छान वेळापत्रक करून दिलं: पहाटे पाच ते सात अभ्यास. चार दिवसांत ते कोलमडलं, कारण पहाटे पाचला तो बागेत पंप घेऊन उभा होता. मोहरावर तुडतुडा ही कीड आली होती. मी हे विचारलंच नव्हतं. कोकणात समुपदेशन करायचं आणि फेब्रुवारीत घरी काय चालू असतं ते विचारायचं नाही, हा माझा आळस.

पुढच्या वेळी मी फक्त बागेबद्दल विचारलं. तो अर्धा तास बोलला. कुठली फवारणी कधी, कातळावरच्या कलमांना पाणी कसं पुरवतात, झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, आंबा देठासकट का काढायचा (चीक फळावर उतरला की डाग पडतो), पेटी कशी भरायची. खाली गवत, फळं आकाराप्रमाणे निवडलेली, डागी बाजूला. पाच डझनांची पेटी तो न मोजता भरतो, हाताला कळतं म्हणाला. हाच मुलगा 'एकाग्रता नाही' म्हणून माझ्यासमोर आणला होता!

मी विचारलं, "पहाटे फवारणीला जायला मूड लागतो का रे?"

तो हसला. "मूड कसलो मॅडम? मोहर थांबता काय?"

गाठ इथेच होती. बागेत तो मन लागण्याची वाट बघत नाही, काम सुरू करतो, मन मागाहून येतं. शिवाय तिथे काम कुठे सुरू होतं, कुठे संपतं ते दिसतं, आणि संध्याकाळी टेम्पो थांबलेला असतो. अभ्यास म्हणजे मात्र रात्री दहाला खाटेवर, उशीशेजारी मोबाईल, आणि 'कॉस्टिंग करायचं' एवढंच डोक्यात. कुठून, किती, कधीपर्यंत, काहीच नाही. त्याला मी आळशी म्हणणार नाही.

आणखी एक विचारणं भाग होतं. "तुला डिग्री हवी आहे का? की आईला?" आई बाहेर होती. तो बराच वेळ गप्प. वडील म्हणतात, शेवटी कलमांतच येवचा हा. मग हळूच म्हणाला, "वाशीच्या मार्केटातून पट्टी येते ना, दलालाच्या हिशोबाची. हमाली, तोलाई, कमिशन... बाबा खालचा आकडा बघतात आणि घडी घालून ठेवतात. मला ती वाचता यायला पाहिजे." 'चांगली नोकरी लागेल' हे कारण त्याला तीन वर्षं ऐकवलं गेलं होतं आणि त्या कारणाने तो कधी हलला नव्हता.

मग कॉस्टिंग आम्ही पेटीवरच घेतलं. त्याने बाबांना विचारलं, "एक पेटी आपल्याक केवढ्याक पडता?" बाबा म्हणाले, "इतक्या वर्सांत ह्यो हिशोब कोणी इचारूक नाय." दोघे पडवीत बसले. औषध, मजुरी, लाकडी पेटी, गवत, टेम्पोभाडं. रात्री मला मेसेज: "राखणदाराचा पगार ओव्हरहेडमध्ये ना? टेम्पो आणि कमिशन सेलिंग-डिस्ट्रिब्युशनमध्ये?" बरोबर होतं: राखणदार हा वरखर्च, टेम्पो आणि कमिशन हा विक्री-वाहतुकीचा खर्च. पुस्तकातली कॉस्ट शीट त्यानंतर परकी राहिली नाही. सगळ्या विषयांना अशी पेटी सापडत नाही, हेही खरं. अर्थशास्त्राला सापडली नाही.

तिथे साधी युक्ती वापरली. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडलं होतं की 'मी अभ्यास करीन' या ठरावापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं. त्याचं वाक्य असं झालं: एसटीतून उतरलो की कॅन्टीनकडे न वळता लायब्ररी, आणि तिथे बसल्या बसल्या जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न. एकच. तो लिहून झाला की उठायला मोकळा. बहुतेकदा उठायचा नाही. मोबाईल बॅगेच्या तळाशी. शिमग्याच्या पाच दिवसांवर आधीच काट मारली, पालखी घरी येणार आणि हा पुस्तक उघडणार, हे स्वप्न मी बघितलं नाही.

मध्ये एक आठवडा सगळं सुटलं. तो मला टाळत होता. फोन करून एवढंच म्हटलं, "उद्या गाडीतून उतरशील ना? मग झालं."

परीक्षा नेमकी एप्रिलात, आंबा तोडणीच्या तोंडावर. पेपरांच्या दिवसांपुरता वडिलांनी एक गडी जास्त लावला. कॉस्ट शीटमध्ये त्याची मजुरी मुलानेच वाढवली.

सहावं सेमिस्टर सुटलं, कॉस्टिंगही. अर्थशास्त्र राहिलं. जूनमध्ये पावसात भिजत तो सांगायला आला तेव्हा चेहरा पडलेला होता, पण मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "आता कॉलेज नाही, म्हणजे गाडीतून उतरणं नाही. पडवीत बसतो. बाबा चहा घेऊन आले की पहिला प्रश्न."

"आणि बाबा चहा घेऊन आले नाहीत तर?"

"मीच करून नेईन त्यांना."