वाचकांचे प्रश्न : घरातील हिंसा, न्यायालय आणि सरकारी निधी

प्रश्न : नवऱ्याच्या मारहाणीमुळे माझी धाकटी बहीण दोन लहान मुलांसह भांडुपला आमच्या घरी आली आहे. अमेरिकेतील आमच्या एका नातेवाइकांनी सांगितले की, तेथे अशा कुटुंबांसाठी सरकार न्यायालयांना अनुदान देते. आपल्याकडे तशी सोय आहे का, आणि ती रक्कम बहिणीला मिळावी म्हणून अर्ज कोठे करावा?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : आपल्या नातेवाइकांची माहिती खरी आहे. अमेरिकेत १९९४ साली महिलांवरील हिंसाचारासंबंधीचा कायदा झाला आणि त्याअन्वये तेथील न्याय विभाग न्यायालयांना व संस्थांना अनुदाने देतो. न्यायाधीश व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, कायदेशीर मदत, तसेच विभक्त झालेल्या आईवडिलांशी मुलांची भेट देखरेखीखाली घडवून आणणे अशा कामांसाठी ती वापरली जातात. ही रक्कम तेथेही न्यायालयांना आणि संस्थांना मिळते, पीडित कुटुंबाच्या हाती दिली जात नाही.

आपल्याकडे सरकारी पैसा निरनिराळ्या वाटांनी येतो आणि बहिणीपर्यंत तो माणसांच्या रूपाने पोहोचतो. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील, महिला व बालविकास विभागाचा संरक्षण अधिकारी आणि निर्भया निधीतून २०१५ पासून सुरू झालेली, पीडित महिलांना एकाच ठिकाणी मदत देणारी सखी केंद्रे ही त्याची मुख्य उदाहरणे. मुंबईत याखेरीज दोन जुन्या व्यवस्था आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष ही पहिली, आणि बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका व सेहत या संस्थेने उभे केलेले, हिंसाग्रस्त महिलांना समुपदेशन देणारे दिलासा केंद्र ही दुसरी. मारहाणीच्या खुणा अंगावर असतील तर बहिणीने आधी सार्वजनिक रुग्णालयात तपासणी करून घ्यावी, कारण त्या वेळची वैद्यकीय नोंद पुढे न्यायालयात फार उपयोगी पडते.

रोख रकमेची जबाबदारी मात्र कायद्याने नवऱ्यावर टाकली आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून बहिणीला स्वतःसाठी व मुलांसाठी निर्वाहखर्च, औषधोपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाई मागता येते. ती सध्या आपल्याकडे राहत असल्याने, हे राहणे तात्पुरते असले तरी, आपल्या भागाचा अधिकार असलेल्या न्यायालयात हा अर्ज चालतो. मुंबईत खरा पेच घराचा असतो. नवऱ्याने तिला घराबाहेर काढू नये असा आदेश कलम १९ खाली मागता येतो, किंवा तिच्यासाठी त्याच दर्जाचे दुसरे घर घेऊन द्यावे वा त्याचे भाडे भरावे असाही आदेश मिळू शकतो. घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्याच कारणाने हा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. सुनावणी लांबण्याची भीती असेल तर मूळ अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम आदेशाची मागणी करावी, कारण ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणत असला, तरी प्रत्यक्षात अनेक अर्ज त्याहून कितीतरी अधिक काळ रेंगाळतात.

मुलांच्या बाबतीत मी आपणांस विशेष सावध करू इच्छितो. वडील मुलांना भेटू इच्छितात आणि त्या भेटीच्या निमित्तानेच आईला पुन्हा धमकावले जाते, हे अनेकदा घडते. कलम २१ खाली ताबा मागताना भेट कोठे, किती वेळ आणि कोणाच्या उपस्थितीत व्हावी, हे आदेशात लिहून घेण्याचा आग्रह वकिलांकडे धरावा. भेटीमुळे मुलांचे अहित होण्याची शक्यता दिसली तर दंडाधिकारी ती नाकारतात. बांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात मुलांच्या भेटीसाठी वेगळी जागा आहे. मुले आणि वडील सुरक्षितपणे भेटतील अशा जागांवर आपल्याकडे याहून पुष्कळ अधिक सरकारी खर्च व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

या साखळीतील सर्वांत कमकुवत कडी संरक्षण अधिकाऱ्याची आहे. घटनेचा अहवाल तयार करणे, न्यायालयाला साह्य करणे आणि आदेशांचे पालन होते की नाही हे पाहणे ही त्यांची कर्तव्ये आहेत. परंतु अनेक ठिकाणी या कामासाठी पुरेसे अधिकारीच नव्हते, म्हणून मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना नियुक्त्यांचे निर्देश द्यावे लागले. अधिकारी भेटले नाहीत म्हणून बहिणीने थांबू नये. तिला स्वतः थेट अर्ज करण्याचा अधिकार आहे.

प्रश्न : माझी मैत्रीण बँकेत नोकरी करते. पगार असल्यामुळे तिला मोफत वकील मिळणार नाही, असे तिला सांगण्यात आले. हे खरे आहे का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना व मुलांना मोफत विधी साहाय्य मिळते आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आपल्या मैत्रिणीने १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा अथवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. तातडीच्या मदतीसाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायालयाने दिलेल्या आदेशाची प्रत तिला विनामूल्य मिळते, त्यामुळे त्या प्रतीसाठी कोणी पैसे मागितल्यास ते देऊ नयेत.