मशीन माळ्यावर कुणामुळं गेलं?

‘वय ३८. शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आबालाल रहेमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात जन्मून मी दिवसभर कास्टिंगमधले ब्लो होल, म्हणजे ओतकामात हवेनं पडलेली भोकं, शोधतोय. नोकरी सोडून पूर्ण वेळ चित्रं काढावीत म्हणतो. खोली आहे, बायकोनं शिलाई मशीन माळ्यावर टाकून रिकामी करून दिली. पण तिला कलेतलं काही कळत नाही, सारखं घराच्या हप्त्याचं काढते. अशा वातावरणात एकही चित्र पुरं होत नाही. राजीनामा देऊ का?’
– रंगवेडा, कोल्हापूर

रंगवेडे भाऊ,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर थोडक्यात दिलंय. त्या चार पानांत मशीनला मिळाली अर्धी ओळ. मी तिथंच अडकले.

ती ब्लाउज शिवायची की नुसतं फॉल-पिको? लग्नसराईत रात्री किती वाजेपर्यंत पाय चालायचा तिचा? महिन्याला काय सुटायचं? तुम्ही अवाक्षर लिहिलेलं नाही. स्वतःच्या घुसमटीवर मात्र अख्खं पान.

शिवणाचं गिऱ्हाईक कसं असतं सांगते. बाई मापाचा ब्लाउज एकदा दुसरीकडं टाकून आली आणि तिथलं फिटिंग बरं बसलं, की ती पुन्हा तुमच्या दारात येत नाही. हे तुमच्या बायकोला ठाऊक नसेल होय? तरी तिनं बांधलेलं गिऱ्हाईक सोडलं आणि घरातली उजेडाची जागा तुम्हाला दिली. मशीन होतं म्हणजे उजेडाचीच असणार. आणि हप्त्याचं ती विचारणारच की! तिची कमाई माळ्यावर गेली, आता तुम्ही तुमचीही बंद करायला निघालाय.

मोठी नावं घेतलीत म्हणून तेही बोलते. आबालाल मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकून परतले, पुढं त्यांना दरबारी चित्रकार करणारे शाहू महाराज होते. बाबूरावांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, ते पोटासाठीच. पुढं १९१८ च्या सुमारास त्यांनी देशी कॅमेरा घडवला, तो ज्या कामाला तुम्ही नाक मुरडता तसल्याच मिस्त्रीकामातून. आणि आबालालांनी रंकाळा तलाव रंगवला तो काय खोलीचं दार लावून? खोली मिळूनही तुमचं एक चित्र पुरं झालेलं नाही, त्याचं खापर बायकोवर फोडताय. मला राग आलाय, लपवत नाही.

राजीनाम्याचं मला विचारूच नका. येत्या रविवारी मशीन खाली काढा. पुसा, तेल घाला, पट्टा सैल झाला असेल तर नवा आणा आणि खिडकीपाशी, होतं तिथंच मांडा. ‘तू कशाला केलंस’ असलं काही बोलू नका, नुसतं मांडा. कागद-रंग पिशवीत घाला आणि सकाळी सहाला रंकाळ्यावर जा. ड्युटीच्या आधी दीड तास मिळतो, सेकंड शिफ्टला तर अख्खी सकाळ.

आणि मशीन खाली काढताना त्याचं डोकं वेगळं, स्टँड वेगळा काढा. बिडाचं वजन फाउंड्रीवाल्याला मी काय सांगायचं! शेजारच्या पोराला हाक मारा, एकट्यानं उचलायला जाल आणि कंबर धरून बसाल. मग त्याचंही पत्र मलाच येईल.