त्या पोलिसात असं काय आहे, जे माझ्यात नाही?

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत समुपदेशनाच्या कामात मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे. कधी सावत्र वडील विचारतात, कधी नातवाला सांभाळणारे आजोबा, कधी दत्तक मुलीची आई. घरात मूल कुणाशी धड बोलत नाही, काही विचारलं की अंगावर येतं. आणि 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधला तो अवाढव्य, चिडका पोलीसप्रमुख पडद्यावर आला की गुपचूप डोळे पुसतं. मोठ्यांना दोन भीती वाटतात. मूल खोट्या बापात अडकलंय, ही एक. आपण कमी पडलो, ही दुसरी. पहिलीबद्दल मी फारशी काळजी करत नाही. मुलांना पडदा आणि घर यातला फरक चांगला कळतो. बरेचदा आपल्यापेक्षा चांगला.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं हॉकिन्स नावाचं काल्पनिक गाव, काळ १९८०च्या दशकातला. जिम हॉपर तिथला पोलीसप्रमुख. त्याची लहान मुलगी सारा कॅन्सरने गेलेली. प्रयोगशाळेत वाढलेली, अचाट शक्ती असलेली इलेव्हन ही मुलगी तिथून पळते, आणि २०१७मध्ये आलेल्या दुसऱ्या सीझनमध्ये हॉपर तिला जंगलातल्या एका केबिनमध्ये लपवून ठेवतो. पडदे उघडायचे नाहीत, ठरलेली टकटक झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, एकटीने बाहेर पडायचं नाही. बाहेर कधी जायचं, या तिच्या प्रश्नावर त्याचं उत्तर एकच: लवकरच. शेवटी ती त्याला तारीखवार ऐकवते, एकविसाव्या दिवशी हेच म्हणालास, दोनशे पाचव्या दिवशी हेच, आणि आज तीनशे सव्विसाव्या दिवशीही हेच! आई आता नाही, असंही त्याने तिला सांगितलेलं असतं. ते खोटं निघतं. केबिनच्या जमिनीखाली ठेवलेल्या खोक्यात तिला आईच्या नावाची फाईल सापडते.

आता ज्या मामा-भाचीबद्दल सांगायचंय त्यांच्याकडे येते. (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत, दोघांची परवानगीही आहे.) मुलगी चौदा वर्षांची. आई वारलेली, वडील कामासाठी दूर गेलेले, 'लवकरच' येणार. मामा एकटा राहणारा, सज्जन, शिस्तीचा. तो आला तोच तक्रार घेऊन. "मी तिची फी भरतो, क्लासला सोडतो, आजारपणात रात्र रात्र जागतो. आणि ही रडते कुणासाठी, तर त्या हॉपरसाठी. माझ्याशी मात्र दार आपटून बोलते." आवाज चढला होता, पण डोळ्यांत राग नव्हता. मत्सर होता, आणि त्या मत्सराची त्याला लाज वाटत होती.

मुलीशी सुरुवातीला फक्त मालिकेबद्दलच बोलले. "का आवडतो?" असं मी विचारत नाही. त्यावर मुलं निबंधातलं उत्तर देतात. मी विचारलं, "कोणता सीन तू पुन्हा पुन्हा बघतेस?"

मला वाटलं होतं, तिसऱ्या सीझनच्या शेवटचं पत्र म्हणेल. हॉपर मेला असं समजून इलेव्हन मित्राच्या कुटुंबाबरोबर गाव सोडतेय आणि त्याचं न दिलेलं पत्र वाचते, तो प्रसंग. बहुतेक मोठी माणसं तिथेच रडतात.

"पत्र नाही," ती म्हणाली. "पत्रात तो नसतोच ना. नंतर सांगून काय उपयोग?"

"मग?"

"गाडीतला."

दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात दोघं गाडीतून प्रयोगशाळेकडे निघालेले असतात. त्याआधी प्रचंड भांडण झालेलं, खिडक्यांच्या काचा फुटलेल्या, ती घर सोडून गेलेली आणि परत आलेली. गाडीत हॉपर तिच्याशी साराबद्दल बोलतो. आपण जणू कृष्णविवर आहोत, जवळ येणाऱ्याला गिळतो. तू पण जाशील या भीतीने मी चिडत होतो, असं सांगतो.

"गाडीत काय होतं?" मी मुद्दाम विचारलं.

"तो सॉरी म्हणतो."

"कशाबद्दल?"

ती उशीच्या चेनशी खेळत होती. उघड, बंद. उघड, बंद. "खोटं बोलल्याबद्दल. तिच्या आईबद्दल."

"आणि ती माफ करते?"

"ती पण म्हणते, मी पण मूर्खपणा केला." चेन थांबली. "पण आधी तो म्हणतो."

इतका वेळ आम्ही हॉपरबद्दल बोलत नव्हतोच, हे तेव्हा लख्ख झालं. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हेच आमच्या कामातलं अवघड कसब आहे, आणि ते मला जमतं असं मी म्हणू शकते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मला माहितीये बाबांनी दुसरं लग्न केलंय. मावशीच्या फोनमध्ये फोटो बघितले. मामाला पण माहितीये. मला माहितीये की त्याला माहितीये."

मामाला हे तिच्याच परवानगीने सांगितलं. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "तिच्या भल्यासाठीच लपवलं हो."

"हॉपरनेही भल्यासाठीच लपवलं होतं."

"मग काय, आता मी माफी मागू? चौदा वर्षांच्या पोरीची?"

"तिने तुम्हाला सीनसुद्धा निवडून दिलाय."

पुढच्या भेटीत दोघं समोरासमोर बसली. त्याने तयारी केलेली दिसत होती, पण तयार वाक्यं कुठेतरी हरवली. "तुझे बाबा येणार नाहीयेत हे मला केव्हापासून माहीत आहे. मी खोटं बोललो. चुकलंच माझं. मला वाटायचं, हे एकदा बाहेर आलं की तुला सांभाळणं मला जमणार नाही."

"नाहीच जमत तुला," ती म्हणाली, आणि फिसकन हसली. मामाही हसला आणि त्याच दमात रडला.

आता माझं म्हणणं. मी विनिकॉटच्या वाटेने जाणारी आहे, हे लपवत नाही. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सतत पळून जाणाऱ्या नऊ वर्षांच्या एका मुलाला त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने तीन महिने स्वतःच्या घरी ठेवलं होतं. गंमत म्हणजे हा मुलगा पळून अखेर त्यांच्या घराजवळच्या पोलीस ठाण्यातच जाऊन पोचला होता. तो हाताबाहेर गेला की विनिकॉट त्याला घराबाहेर ठेवत. मात्र दाराशी एक घंटा होती. ती वाजवली की त्याला आत घेतलं जाई आणि झाल्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढला जात नसे. ते तीन महिने नरक होते, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. घराबाहेर ठेवण्याचा उपाय आज मी कुणालाच सुचवणार नाही, पण घंटेबद्दल मात्र मी प्रत्येक पालकाला सांगते.

विनिकॉट म्हणत, मूल जिथे आशा वाटते तिथेच त्रास देतं. मामाला हे पटायला वेळ लागला. भाची शाळेत शहाणी, शेजाऱ्यांकडे गोड, आणि दार आपटायची ती फक्त त्याच्या घरात. कारण हा माणूस टिकेल का, हे तिला फक्त तिथेच तपासायचं होतं. सख्ख्या बापाने सोडून दिलेलं मूल दुसऱ्या बापावर सहज विश्वास ठेवत नाही. आधी तो मोडतो का ते बघतं. इलेव्हनने काचा फोडल्या त्या याच हिशेबात.

म्हणून मूल पडद्यावरच्या माणसावर माया करतं तेव्हा त्याची टिंगल करू नका, आणि "मी काय कमी केलं?" असंही विचारू नका. त्यावर मुलाकडे उत्तर नसतं, फक्त अपराधीपणा येतो. त्याच्या शेजारी बसून एखादा भाग बघा. मध्ये शिकवण काढू नका. 'बघ, तो कसा काळजी करतो' हे वाक्य तर अजिबात नको! पुन्हा बघितला जाणारा प्रसंग कोणता, एवढंच लक्षात ठेवा. त्यात मागणी असते. एखाद्याची मागणी दाराला तीन इंच फट ठेवण्याइतकीच असते (तिसऱ्या सीझनमध्ये इलेव्हनचा मित्र घरी असताना दार तीन इंच उघडं ठेवायचं, असा हॉपरचा नियम असतो), म्हणजे नियम असावा पण त्यावर बोलता यावं.

आणि हॉपरची नक्कल करू नका. तो ओरडतो, धमकावतो, मुलीला वर्षभर कोंडून ठेवतो. प्रयोगशाळेतले डॉक्टर ओवेन्स त्याला इलेव्हनसाठी जेन हॉपर या नावाचा जन्मदाखला मिळवून देतात, तोही कायद्याच्या वाटेने नाही. कथेत हे खपतं. आपल्याला पालकत्वाची कागदपत्रं रीतसरच करावी लागतात, आणि मूल कळत्या वयाचं असेल तर त्याला विचारून.

एक भेद मात्र ध्यानात घ्या. मूल मालिका बघून बाहेर येतं, खेळतं, भांडतं, तोवर ठीक. झोप, खाणं, मित्र सुटायला लागले, स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर मालिकेला दोष देत बसू नका, लगेच मदत घ्या.

मामाने नंतर सगळे सीझन बघून काढले. मला गंभीरपणे म्हणाला, "माणूस बरा आहे, पण ओरडतो फार." भाचीचं मत असं की, बोलतंय कोण.