वाळूजमध्ये वेल्डिंग मशीन ऑपरेटर आहे. रोबोटमुळे माझं काम जाईल का?

तुम्ही रोज काय जोडता, त्यावर आहे. एकाच आकाराचे हजारो ब्रॅकेट किंवा सायलेन्सर फिक्स्चरला (पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्याला) लावून बटण दाबायचं, एवढंच काम असेल तर धोका खरा आहे. ते रोबोट सहज करतो, मोठ्या कार कारखान्यांत स्पॉट वेल्डिंग (दोन पत्रे ठिपक्या-ठिपक्याने जोडणं) तर बरंचसं आधीच रोबोटकडे गेलंय.

पण रोबोटला प्रत्येक जॉब (जोडायचा पार्ट) सारखा लागतो. १.२ मिमी वायर चालू असताना प्रेसमधून आलेल्या पार्टमध्ये दीड-दोन मिमी गॅप आली, तर हाताने वेल्डिंग करणारा टॉर्च हलवून ती भरतो. सेन्सर नसलेला रोबोट ठरलेल्या रेषेवरच चालतो आणि पत्रा जाळून भोक पाडतो. कॉन्टॅक्ट टिपचं (वायर जिच्यातून बाहेर येते त्या तांब्याच्या टोकाचं) भोक झिजलं की वायर भरकटते, नोझलमध्ये स्पॅटर (उडालेले वितळलेल्या धातूचे कण) साचला की गॅस अडतो आणि बीडमध्ये (वेल्डच्या पट्टीत) छिद्रं येतात. टॉर्च कुठे धडकला, तर रोबोटला वेल्डिंगचे पॉइंट पुन्हा शिकवावे लागतात. हे ओळखून दुरुस्त करणारा माणूस लाइनवर लागतोच, आणि तो तुम्हीच व्हावं असं मला मनापासून वाटतं. टीच पेंडंट (रोबोटला हालचाली शिकवायचा हातातला रिमोट) हाताळायला आजच सुरुवात करा.

दुसरी वाट साखर कारखान्यांची. गळीत हंगामाआधी बॉयलर ट्यूब बदलतात. अडचणीच्या जागेत, आरसा धरून, टिगने (गॅसच्या आवरणाखाली टंगस्टनच्या टोकाने होणाऱ्या वेल्डिंगने) रूट, म्हणजे सांध्याचा सर्वात आतला पहिला थर, मारायचा असतो. त्याला आयबीआरची (भारतीय बॉयलर नियमांची) परीक्षा पास झालेलाच वेल्डर लागतो. ट्रॉली, नांगराची दुरुस्तीही हातानेच होते, पण तिथे मजुरी कमी.