ट्रॅव्हलरच्या कॅम्परमध्ये डिझेल हीटर बसवून ऑक्टोबरात लडाखला जाता येईल का?

येईल. तुम्ही लिहिलंय की जुन्या फोर्स ट्रॅव्हलरची कॅम्पर केली आहे, ऑनलाइन 5 किलोवॅटचं चायनीज किट बघून ठेवलंय आणि ओळखीचा मेकॅनिक एका दिवसात बसवून देतो म्हणतोय. एका दिवसात बसेलही. पण पुण्यात बटण दाबलं आणि गरम हवा आली, म्हणजे झालं असं धरू नका. हे यंत्र नखरे दाखवतं ते वर गेल्यावर.

मी कॅम्पर बांधणीचंच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हीटरमध्ये दोन हवा फिरतात. एक गाडीतली, पंखा ती तापलेल्या धातूवरून फिरवून परत आत सोडतो. दुसरी जळणाची, ती गाडीखालून येते, डिझेलबरोबर जळते आणि धूर होऊन गाडीखालीच जाते. या दोघींची गाठ कुठेही पडता कामा नये. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. म्हणून धुराच्या पाइपचा एकही जोड गाडीच्या आत नको. हीटर पत्र्यावर गॅस्केट घालून घट्ट बसवा, प्लायवूड पाइपपासून लांब कापा. भोक पाडण्याआधी मेकॅनिकला गाडीखाली झोपून बघायला लावा, तिथे ब्रेकची लाइन किंवा वायरिंग असतं. पाइपला बाहेरच्या दिशेने उतार द्या, नाहीतर साचलेलं पाणी थंडीत गोठून पाइप तुंबतो. तोंड खिडकीखाली नको, हवा घेणाऱ्या पाइपजवळही नको. किटसोबत येणाऱ्या स्वस्त सायलेन्सरच्या सांध्यातून धूर झिरपतो, तेव्हा तो गाडीखालीच हवा. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म उशाजवळ लावा. तो नसेल तर हीटर बसवूच नका, असं मी गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगतो.

आता उंची. लेह साधारण 3500 मीटरवर, पँगाँग 4200च्या पुढे. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. पंप मात्र पुण्यात देत होता तेवढंच डिझेल देत राहतो. हवा कमी, डिझेल तेवढंच, मग ते अर्धवट जळतं, पांढरा-काळा धूर येतो, काजळी धरते आणि दोन-चार रात्रींत हीटर पेटेनासा होतो. यावर उपाय म्हणजे उंचीनुसार डिझेल कमी करणं. काही कंट्रोलर ते आपोआप करतात, काहींत मेनूत जाऊन पंपाचे ठोके कमी आणि पंख्याचा वेग जास्त करावा लागतो. किट घेण्याआधी विक्रेत्याला हेच विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं बघा.

5 किलोवॅट मोठा वाटतो ना? मैदानात ट्रॅव्हलरला 2 पुरतो. मोठा हीटर कायम मंद चालवला की त्यातही काजळी साचते. पण उंचीवर डिझेल कमी केलं की उष्णताही घटते आणि ट्रॅव्हलरला काचा भरपूर, त्यामुळे लडाखसाठी मोठाच घ्या, असं माझं मत. फक्त रोज थोडा वेळ तो पूर्ण जोरात चालवा. आणि आधी काचांना जाड पडदे करा. उघड्या काचेपुढे कुठलाच हीटर पुरत नाही.

पंप आडवा नको, डिझेल जाण्याचं तोंड वर करून तिरका बसवा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. रबरी पट्टीवर टांगला तर रात्रभर टिकटिक थोडी कमी ऐकू येते. डिझेलची नळी किटमधली कडक, बारीकच वापरा. टाकीत सोडलेली नळी तळापासून वर ठेवा, म्हणजे हीटर टाकी रिकामी करणार नाही. तशी भीती फार नाही म्हणा, रात्रभरात दोन-तीन लिटर जाईल.

वीज थेट घरगुती बॅटरीवरून (म्हणजे कॅम्परच्या आतल्या वापरासाठी असलेल्या वेगळ्या बॅटरीवरून) घ्या, जाड वायर आणि फ्यूज टाकून. सुरू होताना ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारा तापता प्लग, काही मिनिटं 8–10 अँपिअर खातो, नंतर अगदी कमी. बंद करताना कंट्रोलरनेच करा. मेन स्विच पाडला तर पंखा थांबतो आणि आतली उष्णता आतच राहून इलेक्ट्रॉनिक्स जळतं. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, विशेषतः मुलांना.

डिझेल लेहला गेल्यावर तिथलंच भरा. मैदानातलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं जमतं. इंडियन ऑइलने 2019च्या नोव्हेंबरात लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे 33 अंशापर्यंत वाहतं.

आरटीओकडे गाडी कॅम्पर म्हणून नोंदवली नसेल तर तेही बघून घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52चा, म्हणजे गाडीत केलेल्या बदलांचा, प्रश्न येतो. जवळ एक सुटा ग्लो प्लग, त्याची जाळी आणि पाना ठेवा. बदलायला अवघड नाही, मेकॅनिककडून इथेच एकदा करून बघा.