१/१२ स्केलच्या मॉडेलमधल्या कॉसवर्थ डीएफव्ही (फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाड्यांचं) इंजिनाला स्पार्क प्लगच्या वायर किती जाडीच्या लावाव्यात?

०.६ मिमीच्या लावा. खऱ्या प्लग वायरची जाडी साधारण ७ ते ८ मिमी असते. तिला १२ने भागलं की ०.५८ ते ०.६७ येतं. किटमध्ये मिळणारी प्लास्टिकची नळी बहुतेकदा जाड असते आणि इंजिनावर दोरखंड टाकल्यासारखी दिसते. त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली ३० गेजची वायर-रॅप वायर घ्या. इन्सुलेशनसकट ती जेमतेम ०.५ मिमी भरते, पण आत तांब्याची एकच तार असल्याने वाकवाल तशी राहते. हवा तो रंग आधीच असलेली घ्या, कारण वायरवर मारलेला रंग वाकवताना तडकतो. प्रत्येक सिलिंडरचा प्लग दोन कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्यांच्या) मधोमध असतो. तिथे हातड्रिलने ०.६चं भोक पाडून टोक दोन मिमी आत घाला आणि सुपरग्लूचा थेंब सुईच्या टोकाने द्या. थेट बाटलीतून दिलात तर आजूबाजूला बुरशीसारखा पांढरा थर धरतो.

फक्त एक: डीएफव्ही १९६७पासून १९८० नंतरपर्यंत धावलं, त्यामुळे वायरींचा मार्ग आणि रंग तुमच्या गाडीच्या त्याच वर्षाचा फोटो बघूनच ठरवा. संग्रहालयातल्या गाड्यांवर पुष्कळदा नव्या वायरी चढवलेल्या असतात.