लम्पेक्टॉमीचा पहिला नमुना हाती येईल तेव्हा

पहिल्याच आठवड्यात फ्रोझनला (शस्त्रक्रिया चालू असतानाच नमुना गोठवून तपासायला) बसवलंय म्हणून घाबरू नकोस. लम्पेक्टॉमी म्हणजे स्तनातली गाठ भोवतीच्या थोड्या भागासकट काढणं; तिच्या नमुन्यात सुरुवातीला मोजक्या गोष्टी सांभाळ.

सुरी उचलण्याआधी नमुन्याची दिशा ठरव, म्हणजे त्याची कुठली बाजू शरीरात कुठे होती ते. बऱ्याच ठिकाणी आखूड टाका वरची बाजू दाखवतो आणि लांब टाका बाहेरची, पण तुमच्या सर्जनची पद्धत विचारून घे. शंका असेल तर सरळ ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) फोन कर. दिशा चुकली तर सर्जन भलत्याच बाजूचा तुकडा काढतील आणि गाठ आतच राहील.

मग शाई; नमुन्याची बाहेरची कड सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू यावी म्हणून ती लावतात. नवखे इथेच चुकतात: ओल्या नमुन्यावरच रंग लावतात, तो चरबीच्या फटींतून आत झिरपतो आणि खोटी पॉझिटिव्ह कड दिसते (कॅन्सर कडेपर्यंत पोचलाय असं वाटतं). आधी हलकेच टिपून घे, रंग लाव, व्हिनेगरने पक्का कर, पुन्हा टिप, मगच काप. नमुना दाबू नकोस.

- इन्व्हेसिव्ह (आजूबाजूच्या भागात शिरलेला) कॅन्सर: शाईला ट्यूमर टेकत नसेल तर कड निगेटिव्ह (२०१४ची मार्गदर्शक तत्त्वं).
- नुसतं डीसीआयएस (दुधाच्या नळ्यांच्या आतच असलेला कॅन्सर): शाईपासून २ मिमी अंतर.

चरबी नीट गोठत नाही, सेक्शन (पातळ काप) फाटतात. तेव्हा ओढूनताणून उत्तर देऊ नकोस. ‘पॅराफिनवर कळवतो’ म्हण, म्हणजे नमुना मेणात बसवून नंतर होणाऱ्या तपासणीवर. शेव्ह मार्जिनचं (गाठ काढल्यावर पोकळीच्या भिंतीतून वेगळ्या काढलेल्या तुकड्यांचं) पुढच्या महिन्यात बघू.